आधी खुर्ची फिरवा

"सही म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद न्हाई, येईल त्याच्या हातावर ठेवायला!"

हे वाक्य ती दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. म्हणताना उजव्या हाताचा द्रोण करायची आणि समोरच्याच्या नाकापुढे तो झटकन मिटायची. समोर मशीनवरचा ऑपरेटर असो की काचेच्या केबिनमधला प्लांटसाहेब, हात तसाच मिटायचा. साहेब तर दचकून मागे सरकायचा. मला त्याची फार मजा वाटायची.

तुमच्याही कंपनीत, कचेरीत असं एखादं माणूस असेल. ते येताना दिसलं की लोक खुणा करतात, 'आली बघा, आता डोकं खाणार.' त्या माणसाकडे एकदा नीट बघून ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. आमच्याकडच्या चौघांनी बघितलं नाही. त्यांच्याबद्दल पुढे बोलणारच आहे, सोडणार नाही.

चाकणला आमची कंपनी ट्रकच्या आणि बसच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह बनवते. हवेवर चालणारे ब्रेक. मी तिथं इन्स्पेक्टर. व्हॉल्व्हमध्ये हवा भरायची, कुठून गळते का बघायचं, गळत नसेल तर रिपोर्टवर सही करायची. सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. आधी कागदावर पेनानं करायचो. मग माल घेणाऱ्या कंपनीनं कळवलं, कागद बंद, आता सही कम्प्युटरवरची, डिजिटल पाहिजे. त्या कामासाठी ही बाई आली.

चाकणशेजारच्याच गावातली. "तुमची पार्किंग हाय ना, तिथं आमची कांद्याची चाळ व्हती," असं पहिल्याच दिवशी सांगून मोकळी. पुण्यात इंजिनिअर झालेली, पाच-सहा कंपन्यांत प्रोग्रॅम लिहून आलेली, पण बोली गावचीच. एचआरच्या माणसानं एकदा सुचवलं, मॅडम, बाहेरचे साहेब येतात, जरा नीट बोलत जा. ती म्हणाली, "म्या नीटच बोलते. तुमाला नीट ऐकू येत न्हाई." मी परभणीचा. माझ्या बोलण्याला हसणारे इथं पुष्कळ भेटले होते, त्यामुळे त्याच दिवशी मला ती आवडली. मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला दादा.

आम्हा पाच इन्स्पेक्टरांना तिनं एकेक करून आपल्या टेबलापाशी बोलावलं. जावा नावाच्या भाषेत तिनं प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात एक बटण. "दाबा," म्हणाली. मी दाबलं.

"झालं?"

"झालं. जुळ्या किल्ल्या जन्मल्या तुमच्या. एक तुमची खाजगी, एक सगळ्या गावाची. खाजगीनं तुमी सही करायची. गावच्या किल्लीनं कुनीबी ती तपासायची. पन तपासायच्या किल्लीवरनं सही करायची किल्ली बनवता येत न्हाई. ब्रह्मदेव आला तरी न्हाई."

मग खाजगी किल्लीला कुलूप घालायचं होतं, म्हणजे पासवर्ड द्यायचा होता. तेव्हा तिनं जे केलं ते मी आजवर कुठल्याही कम्प्युटरवाल्याला करताना पाहिलेलं नाही. ती बसल्या खुर्चीत गर्रकन फिरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हाताची घडी घालून. भिंतीवर आग विझवायचा लाल नळकांडं सोडून काही नव्हतं.

माझं टायपिंग एका बोटाचं. ती बसून राहिली. मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "ताई, तुम्हीच टाका ना. सगळं तुम्हीच तर बनवलंय."

"म्या बनवलंय म्हनूनच बघणार न्हाई," ती भिंतीला म्हणाली. "उद्या माझ्या गळ्याला कुनी सुरी लावली तरी तुमची सही मला करता येऊ ने, असं बनवलंय. टाका निवांत."

आमच्यातला एक जण धाराशिवकडचा, त्याला टाइप करताना अक्षरं मोठ्यानं म्हणायची सवय. हिनं कानात बोटं घातली आणि ओरडली, "मनात म्हना की ओ!" मग त्याला पहिल्यापासून नवा पासवर्ड घ्यायला लावला. दुसऱ्यानं एक-दोन-तीन-चार टाकलं, ते प्रोग्रॅमनंच थुंकून टाकलं. तिसऱ्यानं बायकोचं नाव टाकलं, तेही घेतलं नाही. तो म्हणाला, मॅडम, ह्याला आमची ही पसंत नाही. ती भिंतीकडे तोंड करूनच हसत होती, पाठ हलताना दिसत होती.

कुलूपबंद किल्ली एका पेनड्राइव्हमध्ये गेली आणि पेनड्राइव्ह ओळखपत्राच्या दोरीला, आमच्या गळ्यात. "किल्ली बनवायला चार ओळी लागत्यात, दादा. कोनबी बनवतंय," ती म्हणाली. "ती ठेवायची कुठं, ह्यातच सगळा जीव हाय."

आणि गावची किल्ली? ती तिनं माल घेणाऱ्या कंपनीला पाठवली. प्रत्येकीची ओळख पटावी म्हणून अक्षरा-आकड्यांची एक खूण असते, लांबलचक. तिच्यातली सुरुवातीची अक्षरं कुठंतरी कायमची लिहून ठेवा, असं तिनं आम्हाला बजावलं. आम्ही कशाला लिहितोय! आठवड्यानं विचारलं तर कुणाकडेच नाही. मग एका संध्याकाळी ती आम्हा पाचांचे जेवणाचे डबे पिशवीत घालून बाजारात घेऊन गेली. ओझं उचलायला मी सोबत. भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालणारा बसतो, त्याच्यापुढे तिनं डबे उलटे मांडले आणि चिठ्ठ्या दिल्या.

त्यानं माझी चिठ्ठी वाचली. "चार, डी, नऊ, एफ... असलं नाव कुणाचं हो?"

"ह्या दादांचं," ती म्हणाली. "जगात एकच हाय असलं नाव. नीट घाला."

तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. नंतर तिनं स्वतःच्या किल्लीची चिठ्ठी देऊन स्वतःचाही डबा पुढे केला. मी विचारलं, हे असं उघड्यावर चालतं का? "ही मिरवायची गोष्ट हाय. लपवायची ती गळ्यात हाय," ती म्हणाली. एवढी साधी गोष्ट. मला कळली, भांडीवाल्याला कळली. पुढे ज्यांना कळली नाही त्यांच्या पदव्यांची यादी केबिनच्या दारावर आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा एक इन्स्पेक्टर पेनड्राइव्ह दिघीला घरी विसरून आला आणि माल भरलेला ट्रक गेटवर थांबला. प्लांटसाहेब लालबुंद. त्याच्या केबिनमध्ये किल्ल्यांचा बोर्ड आहे, खिळ्याखिळ्याला चिठ्ठी लावलेली किल्ली. त्यानं ताईला बोर्डापुढे उभं केलं.

"कंपनीची प्रत्येक किल्ली इथं असते. ह्या सह्यांच्या किल्ल्याही माझ्या ताब्यात पाहिजेत. कुणी असो-नसो, गाडी थांबता कामा नये."

ती बोर्ड वाचत राहिली. मग म्हणाली, "हितं संडासाची किल्ली बी हाय, साहेब. त्याच्याच शेजारच्या खिळ्याला माणसाचं नाव अडकवू व्हय?" आणि पुढे प्रसादाचं वाक्य, हाताच्या द्रोणासकट.

त्या दिवसापासून ती साहेबाच्या डोळ्यांत सलायला लागली. महिन्याभरात तिच्याकडून ते काम काढून घेतलं आणि बाहेरच्या एका फर्मला दिलं. नवा प्रोग्रॅम आला. पेनड्राइव्ह नको, पासवर्ड नको. स्क्रीनवर पाच नावं दिसतात, एकावर बोट ठेवा, सही झाली. आमचे लोक खूश! गळ्यातलं लोढणं गेलं म्हणून एकानं पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, पण ताई म्हणाली होती म्हणून पेनड्राइव्ह जमा केला नाही.

तिनं नव्या प्रोग्रॅमचं पोट उघडून बघितलं आणि तरातरा लाइनवर आली. मशीनच्या आवाजावर ओरडून सांगत होती, "पाचांच्या बी किल्ल्या एका फायलीत कोंबल्यात! आन् फायलीचा पासवर्ड प्रोग्रॅममधीच लिवलाय! कुलूप लावलं आन् किल्ली कडीलाच बांधली!"

कुणी मान वर केली नाही. तिनं वरपर्यंत सगळ्यांना मेल लिहिले. एकाचं उत्तर आलं, एका शब्दाचं: 'नोटेड.' तो शब्द ती पुढे कितीतरी दिवस शिवीसारखा वापरायची. कॅन्टीनमध्ये आमटी पाणचट निघाली की म्हणायची, "नोटेड!"

त्याच सुमारास माझ्या भाचीचं लग्न निघालं. मी मामा, मला तिच्या पाठीशी उभं राहायचं होतं, म्हणून रजा टाकून परभणीला गेलो. परत आलो तर गेटवरच निरोप, थेट केबिनमध्ये या.

मी नसताना हवेच्या चाचणीचं मशीन बंद पडलं होतं. माल तपासलाच नाही. तसाच ट्रकमध्ये भरला, नवा प्रोग्रॅम उघडला, आणि कुणीतरी माझ्या नावावर बोट ठेवलं. माल घेणाऱ्यांनी व्हॉल्व्ह बसवून बघितले तर निम्मे गळके. त्यांनी बसवून बघितले म्हणून, नाहीतर घाटात उतरणाऱ्या एखाद्या बसखाली ते गेले असते आणि रिपोर्टवर नाव माझं असतं! आजही हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मी मांडवात फेटा बांधून अक्षता टाकतोय, आणि इथं माझ्या नावानं माणसं मारायची तयारी चाललीय.

केबिनमध्ये प्लांटसाहेब, एचआरवाला आणि माल घेणाऱ्या कंपनीचा एक साहेब बसले होते. प्लांटसाहेबानं मला बस म्हटलं नाही.

"पासवर्ड कुणाला दिला होतास?"

"साहेब, पासवर्ड राहिलाय कुठं? तुम्हीच तर..."

"सही तुझी आहे. कम्प्युटर खोटं बोलत नाही. रजेवर जाताना कुणाला तरी सांगून गेला असशील. नोकरी तर जाईलच, पण पोलिसांपर्यंत जाईल हे."

मी नव्हतो हे सांगता येत होतं. सही माझी नाही हे कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून ती आत आली. कुणी बोलावलं नव्हतं.

"दादा, डबा आना."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण आणला. "वता," म्हणाली. खालच्या डब्यात वरण होतं, मी ओतायला भांडं शोधायला लागलो. तिनं डबा हातातून घेतला, साहेबाच्या चहाच्या रिकाम्या कपात वरण ओतलं, थोडं काचेवर सांडलं, आणि डबा उलटा करून टेबलावर आपटला.

"ही ह्यांच्या किल्लीची खूण. ह्यांनी सवता बनवलेल्या किल्लीची. आता त्या रिपोर्टावरच्या सहीची खूण वाचा."

माल घेणाऱ्या कंपनीचा साहेब शहाणा होता. त्यानं लॅपटॉप उघडला. तिनं पहिल्यांदा पाठवलेली यादी त्याच्याकडे होती, ती डब्याशी ताडून बघितली. जुळली. मग गळक्या मालाच्या रिपोर्टवरची सही बघितली. खूण वेगळीच, फर्मनं नंतर पाठवलेल्या नव्या यादीतली. त्यानं पुन्हा बघितलं, डबा हातात घेऊन, वरणाचे थेंब त्याच्या बाहीवर पडले तरी.

"आता त्या नव्या यादीतल्या किल्ल्यांचा जन्म कधीचा ते बघा," ती म्हणाली.

त्यानं बघितलं. पाचही किल्ल्या एकाच मिनिटात तयार झालेल्या, आणि वार गुरुवार. गुरुवारी आमच्या पट्ट्याला सुट्टी. कंपनीत इन्स्पेक्टर सोडा, चहावालासुद्धा नसतो.

"सुट्टीच्या दिवशी, एका मिनिटात पाच बाळंतपणं," ती प्लांटसाहेबाला म्हणाली. "सुईण कोन व्हती?"

मी सुटलो. तिथल्या तिथं सुटलो. बाहेर आल्यावर मी तिच्या पाया पडायला वाकलो तर माझ्या दंडाला धरून खेकसली, "नाटकं करू नका. जेवा जावा, वरण गेलं तुमचं."

इथं ही गोष्ट संपली असती तर मी कशाला लिहायला बसलो असतो? माल घेणाऱ्या कंपनीचा साहेब गेला, आणि दोन दिवसांनी एचआरनं आम्हा पाच इन्स्पेक्टरांना बोलावलं. एक कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं, सदर महिला कर्मचाऱ्याने कंपनीची गोपनीय माहिती जेवणाच्या डब्यांवर कोरून कंपनीबाहेर नेली. साक्षीदार म्हणून खाली आम्ही सह्या करायच्या. पेनानं.

नीट वाचा हो हे. जे लपवायचं ते यांनी सगळ्यांसाठी उघडं टाकलं, त्याची चौकशी नाही. जे जगाला दाखवायचंच असतं, ते तिनं दाखवलं, तर ती चोर! आणि माझ्या नावावर बोट ठेवणारा हात कुणाचा, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

एचआरवाला मला म्हणाला, "तुमचं नाव स्वच्छ झालंय. स्वच्छ राहू द्या. करा सही."

माझा हात आपोआप वर गेला. द्रोण केला आणि त्याच्या नाकापुढे मिटला. "सही म्हणजे प्रसाद नाही," म्हटलं आणि बाहेर पडलो.

उरलेल्या चौघांनी केल्या. अगदी ठसठशीत, तारखेसकट. ज्यानं मनात म्हणायचं ते मोठ्यानं म्हणून टाकलं होतं, ज्याच्या बायकोच्या नावावर ती पोट धरून हसली होती, त्या सगळ्यांनी. कारणं मला नंतर सांगितली, पोरांची शिक्षणं, म्हातारे आईबाप. घरदार मलाही आहे. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलतो. त्याहून जास्त बोलायची माझी इच्छा नाही आणि होणारही नाही.

तिला कामावरून काढलं त्या दिवशी मी गेटपर्यंत गेलो. वॉचमननं तिची बॅग तपासली आणि डबा बाजूला काढला. वरून हुकूम होता, अक्षरं कोरलेला डबा बाहेर जाता कामा नये. तिनं वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला मी वाद न घालताना पाहिलं. डब्यातली भाकरी आणि ठेचा काढून तिनं ओढणीच्या टोकात बांधला.

"डबा घासून ठेवा, वास सुटंल," वॉचमनला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमी कशाला आलाय? शिफ्ट सुरू हाय तुमची."

आणि ओढणीची गाठ हातात धरून स्टॉपकडे चालायला लागली. तिच्याच कांद्याच्या चाळीवरून. मला रडू वगैरे आलं नाही. राग आला. अजून आहे.

पुढे आमचे डबेही मागितले. चौघांनी दिले. मेंटेनन्सवाल्यानं हातातल्या ग्राइंडरनं बुडावरची अक्षरं घासून काढली. जेवणाच्या डब्याचा पत्रा तो केवढा! दोघांच्या डब्याला भोक पडलं आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये एकाच्या पँटीवर आमटी गळली. मी म्हटलं, "हा माल पास करणार नाही मी." माझा डबा मी दिला नाही. काय करायचं ते करा म्हटलं, त्यांनी काही केलं नाही.

तिला मधे फोन केला होता. काम शोधत होती. "पहिली कंपनी का सोडली, असं विचारत्यात दादा. आन् म्या खरं सांगते," असं म्हणून हसली. मला नाही हसता आलं.

आता शेवटचं. माल घेणाऱ्या कंपनीनं कळवलं, प्रत्येक इन्स्पेक्टरची किल्ली त्यानंच बनवलेली आणि त्याच्याच ताब्यात पाहिजे, नाहीतर माल बंद. मग काय, ताईचाच जुना प्रोग्रॅम धूळ झटकून बाहेर काढला, किल्ल्या सगळ्यांनी नव्या बनवायच्या. वर नाव त्या बाहेरच्या फर्मचं. त्यांचा माणूस गेल्या आठवड्यात आला आणि तिच्याच टेबलावर, तिच्याच खुर्चीत बसला. मला बोलावलं, बटण दाबायला लावलं. जुळ्या जन्मल्या.

"काका, पासवर्ड सांगा एखादा सोपा," तो कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाला. "मी टाकतो पटकन. गेटवर ट्रक थांबलाय."

"आधी खुर्ची फिरवा," मी म्हटलं.

"कुठं?"

"भिंतीकडं."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग माझं तोंड बघितलं आणि फिरला. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, केबिनमधून साहेबाचा फोन वाजत होता. मी एका बोटानं, सावकाश, एकेक अक्षर टाकत होतो.

काय टाकलं ते तुम्हाला कशाला सांगू? तुम्हीही जरा तिकडं तोंड करा.